मालिकांतील नेता आणि ‘नाही’ म्हणणारा माणूस : ‘स्वामी’ व ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ यांच्या निमित्ताने

मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासात नायकाच्या व्यक्तिचित्रणाची चर्चा पुष्कळ झालेली आहे. नेतृत्व या संकल्पनेचा विचार मात्र तीत स्वतंत्रपणे क्वचितच केला जातो. शौर्य, त्याग, द्रष्टेपण, प्रजावात्सल्य अशा गुणांच्या यादीत नेतृत्व विरघळून जाते आणि नायक थोर होता म्हणून तो नेता होता, एवढ्यावर विवेचन थांबते. दूरचित्रवाणीवरील मालिकांनी ही संकल्पना वेगळ्या मार्गाने चर्चेत आणली. व्यवस्थापनाच्या वर्गांत, स्पर्धा-परीक्षांच्या व्याख्यानांत आणि महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धांत मालिकांतील प्रसंग व संवाद नेतृत्वाचे दाखले म्हणून सांगितले जातात. या दाखल्यांना साहित्याच्या अभ्यासकाने नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु ते जसेच्या तसे स्वीकारण्याचेही नाही. मालिका हा एक कथनप्रकार आहे आणि नेतृत्वाविषयी ती जे काही सांगते ते त्या कथनप्रकाराच्या गरजांतून गाळून आलेले असते. कोणत्या मालिकेतून कोणता धडा निघतो, हे म्हणूनच तिच्या रचनेवरून ठरते. प्रस्तुत लेखात हा विचार मुख्यतः ‘स्वामी’ आणि ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या दोन मालिकांच्या आधारे करावयाचा आहे.

नवी मुंबईतील मराठीच्या वर्गात हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेले हे शहर. येथे राजवाडा नाही, गढी नाही, जुन्या सरदार घराण्याची वहिवाट नाही. वाशी, नेरूळ, पनवेल येथील महाविद्यालयांत एकीकडे जमिनी गेलेल्या आगरी-कोळी कुटुंबांतील मुले असतात, तर दुसरीकडे सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगावकडून बाजारपेठेच्या निमित्ताने आलेल्या माथाडी व व्यापारी घरांतील मुले असतात. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ साली अस्तित्वात आली आणि १९९५ साली तिची पहिली निवडणूक झाली. २०१५ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपल्यावर मात्र पाच वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार राहिला. या काळात मतदार झालेल्या विद्यार्थ्याने आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला सभागृहात बोलताना कधी पाहिले नाही. राजाला मात्र तो शाळकरी वयापासून रोज रात्री दरबारात बोलताना पाहत आला होता. नेतृत्व म्हणजे काय, याचे त्याच्या मनातील चित्र कोठून आले असेल, हे सांगण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यावरील मालिका १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर आली. दिग्दर्शन गजानन जागीरदार यांचे होते. माधवरावांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी आणि रमाबाईंच्या भूमिकेत मृणाल देव (पुढे मृणाल कुलकर्णी) होत्या. कथाविषय सर्वपरिचित आहे. पानिपताचा संहार जानेवारी १७६१ मधला; त्याच वर्षी नानासाहेब पेशवे निवर्तले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवाईची वस्त्रे आली. तिजोरीवर कर्जाचा डोंगर, निजाम व हैदर टपलेले, आणि घरात रघुनाथराव हे महत्त्वाकांक्षी चुलते. पुढील अकरा वर्षांत या तरुणाने राज्याची घडी पुन्हा बसविली आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने त्याचा अंत झाला.

या कथेतील नेतृत्वाचा गाभा कोठे आहे? सामान्यतः राक्षसभुवनच्या विजयाकडे (१७६३) बोट दाखविले जाते. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, १७६२ च्या अखेरीस, आळेगाव येथे जे घडले ते अधिक विचारणीय आहे. रघुनाथरावांनी निजामाची मदत घेऊन पुतण्यावर शस्त्र धरले होते. हे गृहयुद्ध लांबले तर फायदा निजामाचा होणार, हे ओळखून माधवराव आपण होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाले. सत्ताधीशाने राज्य वाचविण्यासाठी स्वतःचा पराभव पत्करावा, हा निर्णय कोणत्याही वीररसप्रधान चौकटीत बसत नाही. पुढे राक्षसभुवनला चुलता-पुतण्या एकत्र लढले. त्यानंतरही कुरबुरी, वाटणीच्या मागण्या, समजुती, पुन्हा रुसवे असा क्रम चालू राहिला. अखेर १७६८ साली धोडप येथे माधवरावांनी रघुनाथरावांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. आळेगाव ते धोडप हा काळ जवळजवळ सहा वर्षांचा आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला किती काळ सोसावे आणि कोणत्या क्षणी सोसणे थांबवावे, ही या सहा वर्षांची कसोटी होती.

हा विषय मालिकेच्या प्रकृतीला विलक्षण मानवणारा आहे. नाटकाला तो मानवला नसता. ‘स्वामी’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १९६२ मध्ये, वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आले. त्यातही सत्ता आणि घर यांचाच संघर्ष आहे. पण रंगमंचाच्या दोन-अडीच तासांत तो पितापुत्रांच्या समोरासमोरच्या उद्रेकांतूनच व्यक्त होऊ शकतो. सहा वर्षांचे सोसणे रंगमंचावर एखाद्या स्वगतात सांगावे लागते. कादंबरीत ते निवेदनाने सांगता येते, पण वाचक आपल्या सोयीने पाने उलटतो. दूरदर्शनच्या काळातील साप्ताहिक मालिकेची गोष्ट वेगळी होती. एका भागाच्या शेवटी चुलत्याने घातलेला पेच पुढचा आठवडाभर प्रेक्षकाच्या मनात राही. दिरंगाई हा त्या रचनेचाच भाग होता. नेत्याला निर्णयापूर्वी जी वाट पाहावी लागते तिचा थोडासा अंश प्रेक्षकाच्याही वाट्याला येई. शिवाय कॅमेरा चेहऱ्याजवळ जाऊ शकत असल्यामुळे ऐकणारा माणूस दाखविता येतो. रंगमंचावर ऐकणारे पात्र बहुधा हरवते. प्रेक्षकाचे लक्ष बोलणाऱ्याकडे असते. पडद्यावर ऐकणाऱ्याचा चेहराच प्रसंगाचा केंद्रबिंदू होऊ शकतो.

ऐकणाऱ्याचा उल्लेख आला की रामशास्त्री प्रभुणे यांच्याकडे वळावे लागते. प्रसिद्ध आख्यायिका अशी की, शास्त्रीबोवा कामासाठी आले असता पेशवे ध्यानधारणेत मग्न असल्याचे त्यांना आढळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. कारण विचारता त्यांच्या सांगण्याचा आशय असा होता : ब्राह्मणधर्मच आचरावयाचा असेल तर राज्य सोडून दोघेही गंगातीरी जाऊन बसू, राज्य करावयाचे असेल तर रयतेचे काम आधी. माधवरावांनी हे ऐकले आणि आपला क्रम बदलला. आख्यायिकेतील किती भाग इतिहास आणि किती लोकमानसाची भर, हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की, मराठी मनाने आपल्या एका आवडत्या राज्यकर्त्याची आठवण त्याला टोकलेल्या प्रसंगातून जपली आहे.

जागीरदारांच्या बाबतीत या मुद्द्याला एक वेगळाच संदर्भ आहे. १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटात स्वतः जागीरदारांनी रामशास्त्र्यांची भूमिका केली होती आणि दिग्दर्शनाची धुराही सांभाळली होती. त्या चित्रपटाचा नायक ‘नाही’ म्हणणारा माणूस आहे : नारायणरावांच्या खुनाबद्दल (१७७३) रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश. चार दशकांनंतर त्याच कलावंताने ‘स्वामी’ दिग्दर्शित केली तेव्हा कथेचा मध्यबिंदू सरकलेला होता. आता नायक होता तो ‘नाही’ ऐकून घेणारा. दोन्ही कलाकृती एकत्र ठेवल्यास एकच शास्त्री दोन राज्यकर्त्यांपुढे उभा असलेला दिसतो. माधवरावांपुढे त्याचे बोलणे कारभार सुधारते. रघुनाथरावांपुढे तेच बोलणे व्यर्थ ठरते आणि शास्त्र्याला पुणे सोडावे लागते. शास्त्र्याचा निर्भयपणा दोन्हीकडे सारखाच आहे. फरक पडतो तो ऐकणाऱ्यात. नेतृत्वाचा धडा शोधावयाचा तर तो या फरकात शोधला पाहिजे, आणि पदव्युत्तर वर्गात या दोन कलाकृतींचा जोडीने अभ्यास व्हावयास हवा. तसा तो अपवादानेच होतो, हे नवलच म्हणावयाचे.

तथापि ‘स्वामी’चे हे गुणवर्णन तिच्या मर्यादेकडे डोळेझाक करून करता येणार नाही. कादंबरीच्या शीर्षकातच धनी आणि पती हे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. माधव-रमा यांच्या सहजीवनाचे हळवे चित्रण हे या कादंबरीच्या व मालिकेच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण होय. त्या चित्रणाचा शेवट थेऊरच्या सतीगमनात होतो. म्हणजे ज्या कथेत न्यायाधीशाला राज्यकर्त्याशी मतभेद व्यक्त करण्याची मोकळीक आहे, त्याच कथेत पत्नीच्या निष्ठेचे परमोच्च रूप देहत्याग हेच ठरते. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दरबारापर्यंत पोहोचतो, माजघराच्या उंबरठ्यावर थांबतो. आजच्या वर्गातील विद्यार्थिनीसमोर ही मालिका नेतृत्वाचा पाठ म्हणून ठेवणाऱ्या अध्यापकाने हा भाग भावुकतेच्या आवरणाखाली झाकून पुढे जाणे योग्य नव्हे.

१९९९ साली अल्फा मराठी सुरू झाली आणि मराठी मालिकेचे अर्थकारण पालटले. साप्ताहिक भागाची जागा हळूहळू दैनंदिन भागाने घेतली. आठवड्यातून पाच-सहा दिवस प्रेक्षकाला परत बोलवावयाचे तर प्रत्येक भागाला स्वतःचा उत्कर्षबिंदू हवा, जाहिरातीपूर्वी एक धक्का हवा, आणि शेवटच्या चौकटीत लक्षात राहील असे वाक्य हवे. सहा वर्षांचे सोसणे या मापात बसत नाही. बाणेदार उद्गार बसतो. २००८ साली स्टार प्रवाह वाहिनीबरोबर आलेली ‘राजा शिवछत्रपती’ आणि सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० या काळात झी मराठीवर चाललेली ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या दोन्ही मालिकांचे नायक डॉ. अमोल कोल्हे होते. त्यांची खणखणीत संवादफेक हा या मालिकांचा कणा होता. मराठी रंगभूमीवरील भाषणप्रधान ऐतिहासिक नाटकाची परंपरा येथे कॅमेऱ्यासमोर पुन्हा अवतरली, असे म्हणावयास हरकत नाही. दूरचित्रवाणीला जी मिळाली होती ती शांततेची सोय तिने आपण होऊन परत केली.

याचा अर्थ दुसऱ्या मालिकेचे कार्य दुर्लक्षणीय आहे असा नव्हे. संभाजीराजांची व्यसनी, अविचारी अशी जी प्रतिमा जुन्या बखरींनी व नाटकांनी रुजविली होती, ती पुसण्याचे काम शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ (१९७९) आणि विश्वास पाटलांच्या ‘संभाजी’ या कादंबऱ्यांनी केले होते. मालिकेने ते ज्या घरांत कादंबरी पोहोचत नाही तेथे नेले. परंतु कलंकमुक्तीच्या ओघात एक अडचण निर्माण होते. नायकाला निर्दोष सिद्ध करावयाचे असले की त्याच्या चुकीला कथेत जागा उरत नाही. १६८१ साली कटाच्या संशयावरून झालेल्या शिक्षांत अण्णाजी दत्तोंबरोबर बाळाजी आवजी चिटणीसही मारले गेले. राजांना पुढे याचा पश्चात्ताप झाला आणि बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ यास त्यांनी पदरी ठेवले, ही गोष्ट इतिहासात प्रसिद्ध आहे. याच खंडो बल्लाळांनी पुढे राजारामांच्या जिंजीच्या प्रवासात जीव धोक्यात घालून साथ दिली. ज्याच्या बापाला आपण चुकीने मारले त्याला विश्वासाने जवळ करणे, आणि त्या मुलाने त्या घराण्याशी एकनिष्ठ राहणे, यापेक्षा अवघड नेतृत्वप्रसंग क्वचितच सापडेल. संभाजीराजांवरील प्रत्येक कलाकृतीला या प्रसंगाशी झुंजावेच लागते आणि तिची खरी परीक्षा तेथेच होते. चूक वळसा घालून टाळली तर पश्चात्तापाची उंचीही हातची जाते.

येसूबाईंच्या बाबतीत कथनाची चौकटच आड येते. मार्च १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाल्यावर, रायगडाला वेढा पडलेला असताना, राजारामांनी गडाबाहेर पडून राज्य राखावे आणि आपण लहानग्या शाहूसह गडावर राहावे, हा निर्णय येसूबाईंचा. स्वतःच्या मुलाचा हक्क तूर्त बाजूस ठेवून दिराला राज्याचा आधार मानणारा हा निर्णय होता. त्याची किंमत म्हणून त्यांना सुमारे तीन दशके मोगलांच्या कैदेत काढावी लागली; त्यांची सुटका १७१९ साली झाली. येथे भाषण नाही, तलवार नाही. नकाशा समोर ठेवून केलेली एक कठोर वजाबाकी आहे. परंतु संभाजीचरित्र हीच कथेची सीमा मानली की हा निर्णय कथानकाच्या कडेला पडतो, कारण तो नायकाच्या मृत्यूनंतरचा आहे. मालिका जेथे संपते तेथे मराठी इतिहासातील नेतृत्वाचा एक असाधारण अध्याय सुरू होतो.

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ चालू असतानाच, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत डॉ. कोल्हे शिरूर मतदारसंघातून निवडून आले. २०२४ साली ते पुन्हा निवडून आले. या मतदारसंघातील जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांचे वाशीच्या बाजार समितीशी असलेले नाते जुने आहे. गावाकडे मत आणि वाशीत पोट, अशी अनेक घरांची विभागणी असते. नटाने राजकारणात यावे यात आक्षेपार्ह काहीच नाही, आणि त्यांच्या संसदीय कामगिरीचे मोजमाप करणे हा या लेखाचा विषयही नाही. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय एवढेच की, पडद्यावरील राजाची वाणी आणि सभेतील उमेदवाराची वाणी यांत प्रेक्षक फारसे अंतर मानत नाही. भूमिकेचा प्रभाव भूमिकेबाहेर चालतो. आपल्या परंपरेत कीर्तनकाराविषयी असे घडत आले आहे. मालिकेने त्याचा परीघ वाढविला.

आता ज्या शहरात हा प्रेक्षक राहतो त्याच्या स्वतःच्या नेतृत्वेतिहासाकडे पाहावे. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्याचे मुख्य फलित १९६९ चा माथाडी कायदा होय. त्या कायद्याखाली स्थापन झालेल्या मंडळांवर कामगार, मालक आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी बसतात. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या टोळीची मजुरी, हजेरी, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी ज्याच्याशी भांडावयाचे त्याच्याच शेजारी बसून ठरवाव्या लागतात. दुसरे उदाहरण दि. बा. पाटील यांचे. जासईचे हे वकील पाच वेळा विधानसभेवर व दोन वेळा लोकसभेवर निवडून गेले. सिडकोसाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी त्यांनी उभारलेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि न्हावा-शेवा परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. दि. बा. पाटील २०१३ साली निवर्तले. २०२१ साली नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव मिळावे म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि २०२५ साली त्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

या दोन्ही लढ्यांत वक्तृत्व नव्हते असे कोण म्हणेल? सभा होत्या, घोषणा होत्या. परंतु ज्या गोष्टींनी माणसांचे आयुष्य बदलले त्या कलमांत, ठरावांत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांत आणि टक्केवारीच्या घासाघिशीत होत्या. मालिकेच्या व्याकरणात या गोष्टी कंटाळवाण्या ठरतात. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांनी, आणि त्यांवरील जब्बार पटेल यांच्या चित्रपटाने (१९७९), मंत्रालयातील सत्तेचे बारीक धागे दाखविले खरे. पण तेथे सत्ताकारण आहे, गाव उठविणारे नेतृत्व नाही. संघटनेच्या बैठकीत मागच्या रांगेतला एखादा शेतकरी उठून नेत्याला ‘हे मान्य नाही’ म्हणतो तेव्हा काय होते, याचे चित्रण मराठी कथात्म साहित्यात शोधावे लागते.

वर्गातील कामासाठी येथे एक दिशा सुचविता येईल. आळेगावचा प्रसंग घ्यावा. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या खंडांतून त्या काळातील पत्रव्यवहार विद्यार्थ्यांनी आधी वाचावा. मग कादंबरीतील निवेदन. आणि शक्य असल्यास पडद्यावरील रूपांतर शेवटी पाहावे. पत्रांतील भाषा तुटक, हिशेबी, कधी घाबरलेली असते. कादंबरी तिला भाव देते, पडदा तिला चेहरा देतो. प्रत्येक टप्प्यावर काय मिळाले आणि काय गळाले याची नोंद विद्यार्थ्याने करावी. प्रसंगात कोण बोलतो यापेक्षा कोण ऐकतो, कोणाला बोलू दिले जात नाही आणि निर्णयाचा भार शेवटी कोणावर पडतो, या प्रश्नांनी ती नोंद बांधावी. नेत्याचे गुण लिहा, असा प्रश्न दिल्यास उत्तरपत्रिकेत पुन्हा तीच विशेषणे येतात.

त्यानंतर हाच प्रयोग जासईवर करून पाहता येईल. उरण-पनवेल परिसरातील विद्यार्थ्यांच्या घरांत १९८४ ची आठवण सांगणारी माणसे अद्याप आहेत. जमीन-संपादनाच्या नोटिसा व भूखंड-वाटपाची पत्रे कपाटांत आहेत. आगरी बोलीत त्या दिवसांची हकिकत जशी सांगितली जाते तशी ती लिहून घेतल्यास मालिकेच्या किती भागांचा ऐवज मिळेल हे सांगता येत नाही, पण पहिल्या भागात दरबार नसेल. गावकीच्या बैठकीत घोंगडीवर बसलेली माणसे असतील, मधोमध नोटिशीचा कागद असेल, आणि तो कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा लागेल.